चार तासांचं बोट

आधीच सांगून टाकतो. एका केमिस्टची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही मनात एक पांढरा कोट, एक जाड चष्मा आणि शेवटी एक शोध तयार ठेवला असेल. कोट होता, पण तो कायम खुंटीला. चष्मा नव्हता, माणूस साठीला टेकला तरी डब्यावरचं मुंगीएवढं अक्षर उघड्या डोळ्यांनी वाचायचा. आणि शोधाचं म्हणाल तर तो लागला नाही. थोडक्यात राहिला. कापसाच्या दोन तंतूंनी. तेव्हा शेवटी टाळ्या वाजवायला कोणी थांबलं असेल तर त्याने आत्ताच उठावं आणि चहा पिऊन यावं.

दुसरं म्हणजे मी नकलाकार. पाचोऱ्याला शाळेत असताना हेडमास्तरांच्या आवाजात माइकवरून मी शाळा अर्धा तास आधी सोडली होती, त्याची बोलणी घरी अजून खातो. म्हणून तुम्हाला वाटेल, हा आता राऊळ सरांची नक्कल करून हसवणार. ते मी तीन वर्षं केलं. आता जमत नाही.

राऊळ सर मूळ कणकवलीकडचे, राहायला घाटकोपरला भटवाडीत. आमची लॅब मुलुंडला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. बाहेरच्या खोलीत सुजाता ताई, टेस्टिंगचं सगळं तिच्याकडे. आतल्या खोलीत सर आणि मी, आणि भिंतीला लावलेल्या लाकडाच्या, काचेच्या, पत्र्याच्या पट्ट्या. त्यांना आम्ही पॅनल म्हणतो. प्रत्येक पॅनलवर एकेक लेप. मालक आठवड्यातून एकदा येणार, दारातूनच "सुकलं का?" विचारणार, सर मान हलवणार, मालक जाणार. आमच्या अख्ख्या लॅबमध्ये प्रश्न एकच होता.

माझा इंटरव्ह्यूही तोच. मी फाइल घेऊन बसलो, बीएस्सीला किती टक्के वगैरे तोंडपाठ करून आलेलो. सरांनी फाइल उघडलीच नाही. एक लाकडी पट्टी माझ्यापुढे सरकवली, आरशासारखी चकचकीत, आणि विचारलं, सुकलंय का. मी म्हटलं, हो सर, सुकलंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मालवणीत म्हणाले, "बघलंस, की तुका वाटला?"

मला मालवणी कळत नव्हती, पण हे कळलं. मग त्यांनी माझा अंगठा धरून पट्टीवर दाबला. उचलला तर पट्टीवर माझ्या अंगठ्याच्या सगळ्या रेघा छापल्या गेलेल्या. सरांनी ती पट्टी उचलली, मागे तारीख आणि 'पाचोरा' असं लिहिलं आणि भिंतीवर खिळ्याला टांगली. हाच माझा बायोडाटा. नोकरी लागली. माझं नावही तेव्हापासून पाचोराच पडलं. माझं खरं नाव सरांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

आता हे सुकण्याचं प्रकरण काय, ते थोडक्यात. घाबरू नका, मीही पहिले सहा महिने घाबरूनच होतो. तुमच्या घरातल्या दाराला, कपाटाला जी काचेसारखी पॉलिश असते ना, पीयू म्हणतात ती, ती दोन डब्यांत येते. ए डबा आणि बी डबा. ए साधा, गुणी. बी डब्यात आयसोसायनेट. दोन्ही मिसळले की लेप घट्ट होतो, चमकतो, वर्षानुवर्षं टिकतो. पण आयसोसायनेट म्हणजे, सरांच्या भाषेत, घाईचं गिऱ्हाईक. समोर येईल त्याला धरतं. ए डब्याला धरतं, हवेतल्या ओलीला धरतं, आणि फवारणाऱ्याने मास्क लावला नसेल तर त्याच्या छातीच्या आतल्या अस्तरालाही धरतं. काहींना काही होत नाही. काहींच्या शरीरात एकदा त्याचं नाव लिहिलं जातं, आणि मग ते शरीर विसरत नाही. पुढे नुसता एक झोत आला तरी छाती दार लावून घेते.

सरांचं नाव तिशीतच लिहिलं गेलं होतं. तेव्हा ते माहुलच्या बाजूला एका कंपनीत होते, बी डबे भरायच्या विभागात. तोंडाला रुमाल बांधून नऊ वर्षं. दहाव्या वर्षी एका सकाळी जिना चढताना छाती शिट्टी वाजवायला लागली. त्यानंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, शर्टाच्या वरच्या खिशात दम्याचा पंप ठेवायला लागले. दुसरी, बी डब्याशिवाय पीयू करायचं डोक्यात घेतलं.

करता येतं. सोयाबीनचं तेल घ्यायचं, त्याच्यावर एक प्रक्रिया करायची, मग बंद भांड्यात दाब देऊन सोडा वॉटरमधला वायू त्यात मुरवायचा. त्याचं जे तयार होतं त्यात अमाइन नावाचा दुसरा पदार्थ मिसळायचा. लेप जमतो. आयसोसायनेटचा थेंब नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, सर, भजी आणि सोडा, बियरबारचा मेन्यू झाला हा. ते हसले नाहीत. म्हणाले, अमाइन म्हणजे पण काही तीर्थ नाही, हातमोजे घाल.

अडचण एवढीच की आमचं गिऱ्हाईक बिलकुल घाईचं नव्हतं. भट्टीत ऐंशी डिग्रीला ठेवलं की झकास सुकायचं. पण लोकांच्या घरातलं दार काही भट्टीत जात नाही. ते मुंबईच्या हवेत, सुतार समोर उभा असताना सुकलं पाहिजे. सरांनी हिशोब ठरवला होता, चार तास. पॉलिशवाल्याने सकाळी एक हात मारला की जेवून, विडी ओढून, त्याच दिवशी दुसरा हात मारता आला पाहिजे. नाहीतर तो आपला डबा घेणार नाही, बी डबाच घेणार, आणि रुमाल बांधून फवारणार. चार तासांनी पॅनलला आधी बोट लावायचं, मग कापसाचा बोळा ठेवून उचलायचा. एक तंतू जरी चिकटला तरी वहीत लिहायचं, नाही सुकलं. ह्या परीक्षेला आम्ही चार तासांचं बोट म्हणायचो. मी लागलो तेव्हा आठ तास लागत होते, आणि वर पावसाळी दिवसांत लेपावर पांढरट चिकट घाम यायचा. अमाइन हवेतली ओल पितं, त्याचा तो घाम.

एसी लावला तर घाम यायचा नाही. एकदा सर नसताना मी लावला आणि सहा तासांत पॅनल सुकवून दाखवलं. सर आले, त्यांनी पॅनलकडे बघितलंच नाही. भिंतीवरच्या ओल मोजायच्या काट्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हे पॅनल घेऊन स्वित्झर्लंडला जा. मी घाटकोपरला राहतो." एसीचा रिमोट त्या दिवशी त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेला आणि परत दिसला नाही. मे महिन्यात आम्ही त्या खोलीत उकडलेल्या बटाट्यासारखे बसायचो.

वहीचंही तसंच. सरांच्या वहीत 'बहुतेक' हा शब्द चालायचा नाही. मी लिहिला की लाल पेनाने गोल. 'जवळजवळ' गोल. 'चांगलं' हाही गोल, कारण चांगलं म्हणजे किती. सुजाता ताई म्हणायची, सरांना लग्नात बायको कशी आहे विचारलं असतं तर त्यांनी वजन आणि उंची सांगितली असती.

रस्त्यात मात्र हा माणूस वेगळाच. स्टेशनकडे जाताना कुठे फर्निचरवाला फुटपाथवर कपाट फवारताना दिसला की सर रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. जवळ जाताच यायचं नाही ना. आणि पलीकडून, मध्ये बस, रिक्षा, टेम्पो, ह्या सगळ्यांच्या वरून ओरडायचे, अरे मास्क लाव, रुमालाने काय होत नाय. ती पोरं हसायची. त्यांनी सरांचं नाव ठेवलं होतं, रुमालवाले काका. एकदा सरांनी मला पैसे देऊन पलीकडे पाठवलं, दोन चांगले मास्क घेऊन, हवा गाळायची डबी लावलेले. मी त्या पोराच्या हातात दिले. त्याने एक घातला, काढला, म्हणाला, "भाई, इसमें दम घुटता है." मी हे सरांना त्याच्याच आवाजात सांगितलं. सर स्टेशनकडे चालायला लागले. मग म्हणाले, हां, मलापण तसंच वाटायचं.

दहिसरचं सांगतो. सरांची एकुलती मुलगी पल्लवी, तिने आणि तिच्या नवऱ्याने चेक नाक्याजवळच्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वास्तुशांतीची तारीख आधीच ठरलेली, आणि इंटीरियरवाल्याने ऐन आदल्या दिवशी दारांना पॉलिशचा शेवटचा हात मारला. पीयू. पल्लवीने रडत फोन केला, बाबा, तारीख बदलू का. सर म्हणाले, खुळी आहेस काय, गुरुजी काय पुन्हा मिळतायत. मी खाली बसतो.

आणि खरंच खाली बसले. नवी इस्त्रीची पांढरी पँट, परीटघडीचा शर्ट, वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीत. सरांच्या बायको, आमच्या काकू, वर, पूजेला जावयाचे आईवडील वर, सगळी भटवाडी वर. मी सरांसाठी प्रसादाचं ताट घेऊन खाली आलो. त्यांनी आधी शिरा खाल्ला नाही, आधी विचारलं, पूजा कशी चाललीय. मी म्हटलं, छान. लगेच लक्षात आलं, छान म्हणजे किती. मग मी त्यांना सगळी पूजाच करून दाखवली. गुरुजींचा आवाज, मध्येच त्यांचा मोबाइल वाजतो तेव्हाचा आवाज, जावयाला पळी उजव्या हातात धरा म्हणून तिसऱ्यांदा सांगतानाचा आवाज, काकूंचं नाक ओढणं, पल्लवीच्या सासूबाईंचं "आमच्याकडे असं नसतं हो". वॉचमन खुर्चीच्या मागे उभा राहून ऐकत होता. सर हसले, इतके हसले की छाती वाजायला लागली, पंप काढून दोन झोत घेतले, आणि डोळे पुसत म्हणाले, "झाली माझी वास्तुशांत."

मग शिरा खाता खाता, माझ्याकडे न बघता विचारलं, "माझीपण करतोस ना नक्कल?"

मी म्हटलं, छे हो सर.

"खोटा बोलतंस." मग म्हणाले, "दाखव एकदा."

मी म्हटलं, दाखवीन कधीतरी. ताट उचललं आणि वर पळालो. बारा मजले लिफ्टमध्ये माझे कान गरम होते.

करतच होतो हो. रोज करत होतो. सर लिफ्टमध्ये कधी बसायचे नाहीत, कोंडल्यासारखं होतं म्हणायचे. दोन जिने, चार टप्पे, प्रत्येक टप्प्यावर एक थांबा. थांबले की छातीची शिट्टी, मग पंप हलवल्याचा खळखळ आवाज, फुस्स, फुस्स, मग कठड्यावर किल्लीची टकटक, म्हणजे मी आलोय, दार उघडा. ह्या सगळ्याची मी एक मिनिटाची आयटम केली होती. जेवणानंतर खाली जाऊन यायचो आणि जिन्यातून सुरू करायचो. आत सुजाता ताईने ओळखायचं, खरे सर की खोटे. सुरुवातीला ती दर वेळी फसायची, धावत येऊन दार उघडायची, समोर मी. मग ती पण बेरकी झाली. उठायचीच नाही. खुर्चीतूनच ओरडायची, "या सर, सुकलं का?" हे आमचं ठरूनच गेलं होतं. खरे सर असले तर ते स्वतःच दार ढकलून आत यायचे, ती जीभ चावायची, सर सरळ आतल्या खोलीत जायचे.

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता आम्ही पाच तासांवर आलो. मग पावणेपाच. सर बोलायचे कमी झाले, सकाळी लवकर यायला लागले. मालकांनी सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर हा विषय बंद करून रंगाखालच्या साध्या प्रायमरकडे वळू. सरांनी त्यावरही मान हलवली. त्यांच्या हातात ती दिवाळी होती आणि त्यांच्या हिशोबात तो शेवटचा पाऊण तास.

त्या दिवशी सकाळी अकराला सरांनी स्वतः पॅनलवर लेप ओढला. हवेत ओल भरपूर, काटा बघून सर खूश, म्हणाले आज खरी परीक्षा. तीन वाजता बोट. एक वाजता मी वाकून बघितलं तर घाम नव्हता. दोन वाजता नव्हता. मी काही म्हणणार एवढ्यात सरांनी हात वर केला, बोलू नकोस.

अडीच वाजता ते नेहमीप्रमाणे उठले. शेवटचा अर्धा तास ते खोलीत थांबायचे नाहीत. म्हणायचे, बोट चुळबुळतं, आधीच लागेल. खाली टपरीवर जाऊन चहा घ्यायचे. जाताना कापसाची नवी गुंडाळी फोडली, एक बोळा काढून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. कापूस बाहेर राहिला तर ओल धरतो, परीक्षा खोटी होते, म्हणून अंगाच्या उबेत. खिशात पंप होता, तो काढून टेबलावर ठेवला. हे मी बघितलं. हे मला वाटलेलं नाही, मी बघितलं. मला म्हणाले, गेटवर तेलाचे कॅन येतील, टेम्पो सोडून ये.

पहिल्या मजल्यावरचा गाळा वर्षभर बंद होता. आठ दिवसांपूर्वी एका फर्निचरवाल्याने घेतला. सर पहिल्याच दिवशी जिन्यात उभे राहून त्याला विचारून आले होते, कुठली पॉलिश. तो म्हणाला, पाण्यातली. आणि खरंच, आठ दिवस पाण्यातलीच होती. त्या दुपारी कोणा गिऱ्हाइकाला काचेसारखी हवी होती, पीयू. त्याचं काही चुकलं असं मी म्हणू शकत नाही. आत कोंडतं म्हणून त्याने जिन्याकडचं दार उघडं टाकलं होतं, एवढंच.

मी कॅन घेऊन सामानाच्या लिफ्टने वर आलो. पहिल्या मजल्यावरून जाताना वास आला. मला वाटलं, थिनर.

लिफ्टचा दरवाजा उघडला तर सर वरून दुसऱ्या पायरीवर बसलेले. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात किल्ली. ओठ जांभळट. वरचा खिसा उघडा आणि कापसाचा बोळा मुठीत.

मी दार ढकललं आणि पंप, पंप म्हणून ओरडलो. सुजाता ताई हसतच वळली, आणि मग माझ्या मागे तिला जिना दिसला.

रिक्षात सर आमच्या दोघांच्या मध्ये. पंपाने काही होत नव्हतं. ते सारखे मनगटावर बोट आपटत होते, घड्याळावर. मी म्हणत होतो, पोचलो सर, पाच मिनिटं, पाचच मिनिटं. ते मान हलवायचे आणि पुन्हा बोट आपटायचे. तीन वाजून गेले होते.

हॉस्पिटलमध्ये त्यांना आत नेल्यावर ताई बाकावर बसली. काकू आणि पल्लवी यायच्या होत्या. बऱ्याच वेळाने ताई म्हणाली, त्यांनी पाच-सहा मिनिटं किल्ली वाजवली असेल रे. मी दोनदा म्हटलं, या सर, सुकलं का. मी म्हटलं, ताई, नको. ती म्हणाली, "आवाज वेगळा होता. नेहमीसारखा नव्हता." मग भिंतीकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, आज तू भारी केलंस."

उरलेलं इथेच सांगून टाकतो, कारण मला शेवट तिथे करायचा नाही. सर चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी बरे वाटत होते, डॉक्टरही हसून बोलले, तिसऱ्या दिवशी पुन्हा बिघडलं, चौथ्या दिवशी सकाळी गेले. त्यांना भटवाडीतून नेलं तेव्हा पल्लवी मला एवढंच म्हणाली, बाबांनी माझं घर आतून बघितलंच नाही. मला त्या घरातला एकेक आवाज काढता येतो.

तेराव्यानंतर सुजाता ताई आणि मी तोच लेप पुन्हा केला. तेच माप, तीच ओल, एसी नाही, रिमोट त्याच ड्रॉवरमध्ये. चार तास झाल्यावर बोट मी लावलं. छाप नाही. बोळा ठेवला, उचलला. भिंग घेऊन बघितलं, दोन तंतू. ताई म्हणाली, दोनच. मी वही पुढे ओढली आणि लिहिलं, नाही सुकलं. तिने वहीकडे बघितलं आणि बाहेर गेली. मालकांनी दिवाळीनंतर विषय बंद केला. एका परीने नाहीच केला. शनिवारी दुपारी आम्ही दोघं आतल्या खोलीत काय करतो, हे ते विचारत नाहीत. जिन्यात मी आता आधीच ओरडतो, ताई, मी येतोय. आणि मी ओरडलो तरी ती उठून दार उघडून उभी असते.

आता तो दुसरा दिवस. संध्याकाळी भेटायची वेळ. वॉर्डात खिडकीजवळचा पलंग, उशा लावून सर बसलेले, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. तो चांगला, डबी लावलेला वगैरे. मला ते रस्त्यापलीकडचं पोरगं आठवलं. काकू चहाला गेल्या होत्या. मी स्टुलावर बसलो.

सरांनी मास्क थोडा बाजूला केला. म्हणाले, "तीन वाजता बोट कोणी लावलं?"

मी म्हटलं, सर, आम्ही सगळे इथेच होतो ना.

"मी घड्याळ दाखवत होतो."

मला वाटलं, तुम्ही विचारताय अजून किती वेळ.

त्यांनी डोळे मिटले. मी घाईघाईने म्हटलं, सर, सकाळी जाऊन बघितलं, एकदम सुकलंय, काचेसारखं. ते म्हणाले, सकाळी दगडपण सुकतो. वहीत चार तासांचा रकाना रिकामा सोड. बहुतेक लिहिलंस तर बघ.

मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. जिन्यातली आयटम, किल्ली, ताईने खुर्चीतून काय म्हटलं ते, दोनदा म्हटलं ते. म्हटलं, ताईचं काही चुकलं नाही सर, मी तिला तसं शिकवलं. ते ऐकत होते. मास्कमधून हवेचा आवाज येत होता. मला वाटलं आता 'शिरा पडो तुझ्या तोंडार' ही मालवणी शिवी हासडतील, म्हणावं असं मला वाटत होतं.

ते म्हणाले, "दाखव."

मी म्हटलं, काय सर?

"दहिसराक म्हणालेलंस, दाखवीन. आता दाखव."

मी नाही म्हटलं. त्यांनी बोटाने खूण केली, कर. बाजूच्या पलंगावरचा माणूस आमच्याकडे बघत होता. मी उठून उभा राहिलो. एक टप्पा चढलो, म्हणजे जागच्या जागी. थांबलो. एक हात कठड्यावर ठेवल्यासारखा ठेवला आणि छाती भरून श्वास आत ओढला, शिट्टी वाजवत, जशी रोज वाजवायचो तशी. मग पंप हलवला. मग किल्ली. हवेतच टकटक केली आणि पुढे मला येईना.

सर बघत होते. तपासत होते, पॅनल तपासतात तसं. मग मास्क पूर्ण खाली ओढला आणि चिडले. तीन वर्षांत एवढे चिडलेले मी बघितले नव्हते, एसीच्या वेळीसुद्धा. मध्ये मध्ये थांबत, एकेक शब्द करून बोलले.

"मेल्या, तीन वर्सां बाजूक बसान काय बघलंस तू? शिट्टी आत घेताना नाय वाजत. भायर सोडताना वाजता. हवा आत जाता रे, भायर येना नाय. कधी बघलंसच नाय तू. तुका नुसता वाटला."